सहा खोल्यांच्या सहा पोथ्या

सोपानराव बोराट्यांनी सहाव्या खोलीतल्या चौरंगावर सहावी पोथी ठेवली, तिच्या तांबड्या रुमालाची गाठ सारखी केली, हात जोडले आणि मनोभावे दोन पावलं मागं सरले. तिसऱ्या पावलाला जागाच नव्हती. ते खाटेवर बसले. खोल्या मुळातच बेताच्या. बारामतीच्या स्टेशनाजवळ उतारूंसाठी त्या बांधल्या, तेव्हा सोपानरावांनी एक खाट, एक खुंटी आणि एक माणूस एवढंच मनात धरलं होतं. देवही मुक्कामाला येईल, असं त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

“झालं बग,” ते दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले. “आता येऊ दे निरवांगीकरांना.”

द्वारकाबाईंनी खोली डोळ्यांनी मापली. “देव बसला ते ब्येस झालं,” त्या म्हणाल्या. “आता गिऱ्हाईक कुठं बसवायचं तेवढं सांगा.”

बोराटे मंडळी मूळची मळेवाली. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, मिरची, पेरू काढायचे आणि बाजारात न्यायचे, हा पिढीजात उद्योग. सोपानराव मधले भाऊ. पाटी घेऊन बाजारात बसता बसता त्यांच्या लक्षात आलं की गुळाच्या हंगामात बारामतीला येणाऱ्या माणसाला माल विकायला जागा आहे, पाठ टेकायला नाही. मळा भावांच्या हाती देऊन त्यांनी सहा खोल्या बांधल्या आणि वर ‘हाटेल’ अशी पाटी लावली. पुढचं काम द्वारकाबाईंच्या हातानं केलं. बाजारच्या दिवशी मागच्या अंगणातल्या चुलीवर त्या मटणाचा रस्सा करायच्या. त्यापायी कित्येकांची दौंडची छोटी गाडी चुकली, पण त्याबद्दल हळहळलेला माणूस कुणी पाहिला नाही.

अडचण होती ती पाटीवरच्या शब्दाची. सन छत्तीस-सदतीसचा तो सुमार. हाटेल हा शब्द घरंदाज माणसं तेव्हा आवाज खाली आणून उच्चारायची. हाटेलात जेवून आलेला माणूस घरी सांगताना पाहुण्याकडं जेवलो म्हणायचा. सोपानरावांच्या रतनला सतरावं लागलं होतं. मुलगी चार बुकं शिकलेली, कामाला चलाख, बोलायला मोजकी. तिला बघायला दोन स्थळं आली आणि दोन्ही पाटी वाचून तशीच माघारी वळली. तिसरं स्थळ द्वारकाबाईंच्या भावानं, इंदापूरच्या सोनबानं, काढलं होतं. निरवांगीचे सावळाराम राऊत. नीरेच्या काठाला बागाईत, एकुलता एक मुलगा झुंबर, घरात खाऊनपिऊन सुख. सावळारामतात्यांनी नाव ऐकताक्षणी होकार दिला. इतका चटकन दिला की सोनबाला जरा चमत्कारिकच वाटलं. पण त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, पाय रोवले. त्यांच्या गळ्यात माळ होती आणि घरात त्यांचा शब्द चालत होता.

त्यांचं म्हणणं सोनबानं जसंच्या तसं येऊन सांगितलं. “ज्या घरात रोज नवी माणसं निजत्यात आन देवाची एक पोथी न्हाय, तितली पोरगी माझ्या घरात दिवा काय लावणार?”

ते ऐकून सोपानराव दोन दिवस पडवीत बसून होते. त्या वेळी दोन नंबरच्या खोलीत उसाचे लोखंडी चरक विकणारा एक एजंट उतरला होता. मुंबई-पुणे पायाखाली घातलेला माणूस. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सांगितलं की मुंबईला साहेबांच्या मोठ्या हाटेलांत खोलीखोलीतून त्यांचा धर्मग्रंथ ठेवलेला असतो. टेबलाचा खण ओढला की आत ग्रंथ. कुठल्याही मुलखाचा उतारू येवो, त्याला तो मिळणारच. सोपानरावांनी विचारलं, वाचतं का कुणी? एजंटानं थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की तो तिथं राहिला नव्हता, चरकाची बोलणी करायला गेला होता. पण खण त्यानं स्वतः ओढून बघितला होता.

सोपानरावांना तेवढं पुरलं. साहेबाच्या हाटेलाला कुणी नावं ठेवत नाही, ते का, हे त्यांना आता उमगलं. पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला गेले आणि एकाच छापाच्या सहा पोथ्या, सहा लाल रुमाल आणि सहा चौरंग घेऊन आले. चौरंग गाडीत खाली ठेवले. पोथ्या पुण्यापासून बारामतीपर्यंत मांडीवर होत्या.

पोथी ठेवणं सोपं होतं. पुढचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्याच सकाळी द्वारकाबाईंनी बजावलं की देव आणलाय तर त्याचं करायलाही पाहिजे. रतन सकाळी उठून सहा खोल्यांतून सहा फुलं आणि सहा उदबत्त्या फिरवू लागली. आतला माणूस उठला असो वा नसो, उदबत्ती यायचीच. मग द्वारकाबाईंनी दुसरा नियम घातला. पोथी असलेल्या खोलीत पायताण न्यायचं नाही.

खोल्यांबाहेर जोड्यांची रांग लागली. स्टेशनावर एक पिवळं कुत्रं होतं. त्याला आजवर कुणी इतक्या प्रेमानं काही वाढलं नव्हतं. त्यानं फार निवड केली नाही. एजंटाचा डाव्या पायाचा बूट तेवढा उचलला आणि कॅनॉलच्या बाजूला निघून गेलं. त्या दिवशी एजंटाला एका मोठ्या बागाईतदाराकडं जायचं होतं. तो उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात सोपानरावांची वहाण घालून गेला. बागाईतदारानं चरकापेक्षा पायांकडंच जास्त पाहिलं, असं त्यानं परत आल्यावर सांगितलं. पण त्याला दोष तरी कुणाला देता येत होता? साहेबाच्या हाटेलाची गोष्ट त्यानंच सांगितलेली.

मग विडीचा प्रश्न निघाला. पोथीसमोर धूर नको. गुळाचे व्यापारी खोलीतून उठून पडवीत आले. पडवी भरली, तेव्हा पायऱ्यांवर बसले. आठ-दहा माणसं गंभीर चेहऱ्यानं रांगेत बसून धूर काढताहेत हे बघून रस्त्यानं जाणाऱ्यांना आत काही बरंवाईट झालं असं वाटायचं. दोघांनी तर आत येऊन, कधी न्यायचं, असं हळू आवाजात विचारलं.

खाटेचं त्याहून अवघड झालं. खोलीत खाट एकाच बाजूनं नीट मावत होती आणि तशी ठेवली की निजणाऱ्याचे पाय थेट पोथीकडं. सोपानरावांनी सहाही खाटा फिरवल्या. आता पाय पोथीकडं येत नव्हते, पण दार अर्धंच उघडत होतं. किडकिडीत माणसाची सोय होती. बार्शीकडचे एक शेटजी मात्र आत जाताना कसेबसे गेले आणि जेवून आल्यावर दारात अडकले. त्यांना मागं ओढलं तर ते दुखतंय म्हणायचे आणि पुढं ढकललं तर देवाचं नाव घ्यायचे. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढून शेटजींना मोकळं केलं. ते त्याच दिवशी दुसरीकडं उतरायला गेले. जाताना पोथीला नमस्कार करून गेले, एवढंच काय ते समाधान.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण बाजारचा दिवस आला आणि द्वारकाबाईंनी मागची चूल पेटवलीच नाही. एका छपराखाली सहा पोथ्या असताना आपण मटण शिजवणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पानावर वरण, भात आणि दोडका आला. माणसं पानाकडं बघत राहिली. घोंगड्या विकायला दर बाजारी येणारा बिरू धनगर तर हात धुऊन, मांडी घालून, डोळे अर्धे मिटून बसला होता. सोपानरावांनी त्याला समजावलं की पोथी आहे बाबा घरात, मटण चालत नाही.

बिरूनं शांतपणे विचार केला. “पोथी मटान खात न्हाय, ते खरं हाय,” तो म्हणाला. “पर मी दोडका खात न्हाय, त्येचं काय?”

त्याच्या पुढच्या बाजाराला निम्मी पानं मोकळी राहिली. द्वारकाबाई मोकळ्या पानांकडं बघायच्या, मग नवऱ्याकडं बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांनी बोलावं असं सोपानरावांना फार वाटायचं. रतनचं एकदा ठरलं की सगळं मार्गी लागेल, असं ते मनाशी घोकत होते. नेमकं काय लागेल, ते त्यांना सांगता आलं नसतं.

अशात नरसिंहपूरचा गेणबा आला. साठीला आलेला, हाडकुळा, देवभोळा म्हातारा. देवळात झाडलोट करता करता अक्षरं शिकलेला. बैल बघायला म्हणून तो बारामतीला आला होता. सोपानरावांनी त्याला तीन नंबरची, त्यातल्या त्यात बरी, खोली दिली. सकाळी रतन उदबत्ती घेऊन गेली तर म्हातारा चौरंगापुढं ताठ बसून खड्या आवाजात पोथी वाचत होता. दुपारी बघितलं, वाचत होता. तिन्हीसांजेला मान एका अंगाला कलली होती, पण ओठ हलत होते.

सोपानराव भारावून गेले. हाटेलात पारायण सुरू झालं होतं. त्यांनी गेणबाला दूध नेऊन दिलं आणि काही लागलं तर सांगा म्हणाले. गेणबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण सोपानरावांनी वाचनात खंड नको म्हणून लगबगीनं दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या चार बाया ऐकायला येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी आठ आल्या आणि एकीनं हार आणला. आता म्हाताऱ्याला उठायची सोयच राहिली नाही. आणि त्याच दिवशी सोनबाचा निरोप आला की राऊत मंडळी उद्या मुलगी बघायला येतात.

तीन नंबरची खोली पाहुण्यांसाठी लागणार होती. पण चालू पारायण उठवायचं कसं? द्वारकाबाईंनी उपाय काढला. पाहुण्यांना चार नंबर द्यायचा. उलट शेजारच्या खोलीतून पोथी कानावर पडेल, ते प्रयागबाईंना आवडेलच.

आवडलंच. निरवांगीहून पहाटे निघालेली बैलगाडी दुपारच्या आधी दारात लागली. प्रयागबाई कमरेवर हात ठेवून हळूहळू उतरल्या. दहा कोसांत हाडं खिळखिळी झाली होती. सावळारामतात्या मात्र टुणकन उतरले. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, भरघोस मिशांचा माणूस. त्यांनी गाडीतून उतरता उतरताच नाक वर करून हवा हुंगली. मग पुन्हा हुंगली. तिथं उदबत्तीचा वास होता.

सोपानरावांनी पाहुण्यांना खोल्या दाखवल्या. एकेक दार उघडलं की समोर चौरंग, लाल रुमाल, फूल. प्रत्येक दाराशी प्रयागबाईंनी हात जोडले आणि प्रत्येक दाराशी तात्यांचा चेहरा थोडा थोडा उतरला. तीन नंबरच्या दाराशी बाया दाटीनं बसल्या होत्या आणि आतून गेणबाचा आवाज येत होता. प्रयागबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या. “सोपानराव,” त्या म्हणाल्या, “लोकं काय काय सांगत व्हती तुमच्या हाटेलाचं. आन हितं बगते तर देऊळच की.”

सोपानरावांना वाटलं, जिंकलं. तात्यांनी एक सुस्कारा टाकला.

जेवायला पुरणपोळी होती. प्रयागबाई समाधानानं जेवल्या आणि जरा पाठ टेकते म्हणून चार नंबरच्या खोलीत गेल्या. तात्यांनी अर्धी पोळी पानात ठेवली. हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले, ते परत आलेच नाहीत. थोड्या वेळानं सोपानराव बघायला गेले. तात्या मटणाच्या थंड चुलीपुढं उकिडवे बसून काटकीनं राख उकरत होते.

“किती दिस पेटली न्हाय?” त्यांनी वर न बघता विचारलं.

सोपानरावांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं की आता ते सगळं कायमचं बंद. पोथ्या आणल्या त्या दिवसापासून ह्या अंगणात हाडूक पडलेलं नाही.

तात्यांनी काटकी टाकली. मग त्यांनी जे सांगितलं ते सोपानरावांनी तोंड उघडं ठेवून ऐकलं. तीन वर्षांमागं तात्या बैलजोडी घ्यायला बारामतीला आले होते आणि ह्याच अंगणात, मागच्या पंगतीत, कोपऱ्याला बसून रस्सा जेवले होते. तेव्हापासून त्यांना दुसरं काही गोड लागलं नव्हतं. घरात प्रयागबाईंची माळ. लसूणसुद्धा दाराबाहेर. सकाळी उठावं तर पोथी, मळ्यातून यावं तर पोथी. बारामतीला यायचं तर बायकोला सांगायला निमित्त हवं. सोनबानं ह्या घरची मुलगी सांगितली आणि तात्यांना वाटलं, देवानंच वाट काढली. व्याह्याच्या घरी महिन्यातून एकदा जायला कोण अडवतं?

“घरात पोथी हाय म्हणून मी हाटेलवाला सोयरा बगितला,” तात्या म्हणाले. “तर तुमी सा पोथ्या आणून ठिवल्या. आता सांगा, माणसानं जायचं कुठं?”

सोपानरावही चुलीपुढं उकिडवे बसले. पोथ्या काढाव्यात तर प्रयागबाई उठून जाणार. ठेवाव्यात तर तात्या. बरं, तात्या रागावलेले असते तर हातापाया पडता आलं असतं. ते नुसते खिन्न झाले होते, आणि खिन्न माणसापुढं काही उपाय चालत नाही. पत्रिका जमत नाही असं काहीतरी सांगतो, असं तात्या पुटपुटले. रतनचं तिसरं स्थळ चुलीच्या राखेत चाललेलं सोपानरावांना दिसायला लागलं.

इतक्यात द्वारकाबाई मागच्या दारातून आल्या आणि नवऱ्याला खुणेनं आत बोलावलं. त्यांचा चेहरा बघून सोपानराव धावले. पाठोपाठ तात्याही गेले.

चार नंबरचं दार अर्धं उघडं होतं, म्हणजे जेवढं उघडायचं तेवढं पूर्ण. आत प्रयागबाई खाटेच्या कडेला ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात कमरेवर, चेहरा वेदनेनं आवळलेला. घटकाभर त्या तशाच बसून होत्या. झालं होतं असं, की त्यांनी इकडून निजून बघितलं तर पाठ पोथीकडं झाली. कूस बदलली तर गुडघे पोथीकडं आले. पाय पोटाशी घ्यावेत तर कंबर ओरडत होती. माळकरी बाई, देवापुढं पाय पसरणार कशा? दहा कोस बैलगाडीत आदळलेली कंबर आणि समोर देव. उठून बाहेर जाऊन निजावं तर पाहुण्यांकडं बरं दिसत नाही.

रतन पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं प्रयागबाईंकडं बघितलं, खाटेकडं बघितलं, चौरंगाकडं बघितलं. मग तांब्या खाली ठेवला, अंग चोरून आत गेली, पोथी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि खोलीच्या बाहेर घेऊन आली.

“रतन,” सोपानराव पुढं झाले. “पोरी, ती ठेव जाग्यावर.”

“देवघरात ठिवते, आबा,” रतन म्हणाली. पोथी तिनं हाटेलाशेजारच्या आपल्या घरी, देवघरात नेऊन ठेवली, परत आली, चौरंग बाहेर काढला, प्रयागबाईंना धरून उठवलं, खाट ओढून मूळच्या जागी लावली आणि त्यांना परत बसवलं. दार पूर्ण उघडलं. “मावशी,” ती प्रयागबाईंना म्हणाली, “आता पसरा पाय. मी कंबर चेपते.”

प्रयागबाईंनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग हळूच एक पाय लांब केला. मग दुसरा. मग त्या आडव्या झाल्या आणि त्यांच्या तोंडातून असा एक दीर्घ सुस्कारा निघाला की पडवीत बसलेल्या विडीवाल्यांनी वळून बघितलं.

रतननं कंबर चेपायला घेतली. बऱ्याच वेळानं प्रयागबाई बोलल्या, ते डोळे मिटूनच. “सोपानराव, राग मानू नगा. तुमी भक्तीनं केलं, ते कळलं मला. पर खोली ही माणसानं पाय पसरायची जागा हाय. तितं देव ठिवला की माणूस बी अवघडतो आन देव बी अवघडतो. सगळ्या पोथ्या देवघरात असू द्या. ज्येला वाचायची त्यो मागून नील, हात धुऊन वाचंल, परत आणून दील.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तुमास्नी न्हाय कळलं. तुमच्या पोरीला कळलं. अशीच सून पायजे मला.”

द्वारकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सोपानराव उरलेल्या पोथ्या गोळा करायला निघाले. एक, दोन, पाच, सहा. तीन नंबरच्या दाराशी येऊन मात्र ते थबकले. पारायण मध्येच मोडलं तर त्याचं पाप कुणाच्या माथी? बाया त्यांच्याकडं बघू लागल्या. आतून गेणबाचा आवाज आता अगदी घोगरा येत होता.

“गेणबा,” सोपानराव अपराध्यासारखं म्हणाले, “पोथी देवघरात न्यायची म्हणत्यात. पर तुमचं पारायण…”

गेणबाचं वाचन जागच्या जागी थांबलं. त्यानं पानं सारखी केली, रुमालात बांधली आणि दोन्ही हातांनी पोथी पुढं केली. “न्या बाबा,” तो म्हणाला. “तीन दिस झालं, देवापुढं निजायचं कसं म्हणून वाचत बसलोय. थांबलो की डोळा लागायचा, आन पाय कुठं जात्याल त्येचा भरवसा न्हाय.” एवढं बोलून तो खाटेवर कलला आणि हार गळ्यात असतानाच घोरू लागला. बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि आवाज न करता उठल्या. म्हातारा दुसऱ्या दिवशी दुपारी उठला, दोन वेळचं एकदम जेवला आणि बैल न बघताच गावी गेला.

त्याच तिन्हीसांजेला सुपारी फुटली. पत्रिकेचं तात्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. निघताना त्यांनी सोपानरावांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं की पोथ्या सगळ्या देवघरात गेल्या, म्हणजे मागचं अंगण आता… सोपानरावांनी मान हलवली. तात्या गाडीत बसले ते आल्यासारखेच टुणकन.

पुढच्या बाजारी द्वारकाबाईंनी मागची चूल पेटवली. बिरू धनगर वासावरूनच आला. जोडे पुन्हा खोलीत गेले, विड्या पुन्हा खाटेवर बसून ओढल्या जाऊ लागल्या आणि एजंटाला नवा बूट शिवून मिळाला. वैशाखात रतनचं लग्न झालं. हाटेलाच्या पाटीखालीच मांडव पडला होता आणि पाटी झाकावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरानं, बाजारच्या दिवशी, सावळारामतात्या एकटेच आले. व्याह्यांची खुशाली विचारायला. रतन मजेत आहे, प्रयागबाई तिला पळभर नजरेआड होऊ देत नाहीत, झुंबरनं मळ्यात वांगी लावलीत, असं सगळं त्यांनी पहिल्या भाकरीच्या आत सांगून टाकलं. मग ते रश्श्याकडं वळले. तीन वर्षांची कसर होती. जेवून झाल्यावर मिशा पुसून ते तीन नंबरच्या खोलीत गेले, पाय लांब केले आणि दार ओढून घेतलं.

अर्ध्या तासानं दार उघडलं. तात्या बाहेर आले, पडवीत एक फेरी मारली आणि परत आत गेले. पुन्हा बाहेर आले. सोपानरावांनी विचारलं, ढेकूण आहेत का? नाहीत. उकडतंय का? नाही. रस्सा बाधला का? तात्या ह्या शंकेनं दुखावले.

“मग झोप का न्हाय?”

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सोपानराव, घरी जेवल्यावर मी आडवा झालो की ती शेजारी बसून पोथी वाचती. सव्वीस वर्सं झाली. कानावर पोथी पडल्याबिगर माझा डोळाच लागत न्हाय, हे मला आज कळलं. एखादी काढा की देवघरातली.”

“अवं, तुमी मटान खाल्लंय.”

“मी खाल्लंय. तुमी खाल्लंय का?”

सोपानरावांनी अजून पान घेतलं नव्हतं. पंगती उठल्याशिवाय ते जेवत नसत. त्यांनी हातपाय धुतले, देवघरातून एक पोथी आणली आणि खोलीच्या बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडं, चौरंग मांडून बसले. ते एकेक अक्षर जोडत, बोट फिरवत वाचू लागले. एक राजा शिकारीला निघाला होता. घोडा उधळला. राजा रानात वाट चुकला. चौथ्या ओवीला आतून तात्यांचं घोरणं सुरू झालं.

सोपानरावांनी पोथी मिटायला घेतली. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की खांबाला टेकून, खांद्यावर घोंगडी टाकून बिरू उभा आहे आणि त्याच्या मागं हातात उलथनं घेऊन द्वारकाबाई.

“जेवाया उठा आता,” द्वारकाबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

“आन राजा?” बिरू म्हणाला. “त्येला काय तसाच रानात सोडायचा?”

सोपानरावांनाही ते बरं वाटेना. पुण्याहून ही पोथी मांडीवर घेऊन ते बारामतीपर्यंत आले होते, पण राजाचं पुढं काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पान उलटलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि पुढं वाचू लागले. मागच्या अंगणात त्यांच्या वाटणीचा रस्सा निवत राहिला.